मेट्रनचे एकतीस बिल्ले

बुधवार, २ ऑक्टोबर २०१३. सकाळी निरभ्र. दुपारी ३१ अंश, वारा उत्तरेचा. बेव्हन आणि कॉल साडेआठला आले. गाडीचा पाण्याचा पंप बदलला. त्यासाठी पुढची जाळी आणि रॅडिएटर उतरवावे लागले. जाळी शेडच्या भिंतीला टेकवली होती, तिच्यावर चार फडकी वाळत घातली. पाऊण वाजता बेव्हनने बारा किलोमीटर चक्कर मारली, तापमानाचा काटा मधोमध. तो म्हणाला, "मिटलं!" दोघांना गार मटणाचं सँडविच आणि टोमॅटोचं लोणचं दिलं. दोन वाजता जाळी बसवून गेले. चार वाजता मी एकटी निघाले. आठव्या किलोमीटरला पाणी उकळलं. पन्नास मिनिटं रस्त्याच्या कडेला बसले. फडक्यांच्या घड्या घातल्या.

ऊना ट्रेगिलगसच्या त्या वर्षीच्या डायरीतली ही नोंद. ऊना तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होती. नवरा मर्व जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात आखाताच्या काठी, फ्लिंडर्सच्या डोंगरांच्या पायथ्याशी वसलेल्या बेलारा गावात ती चार-पाच कोंबड्या पाळून एकटी राहत होती, आणि शेडमध्ये मर्वची १९५४ सालची फिकट हिरवी गाडी उभी होती. मर्वने तिचं नाव मेट्रन, म्हणजे इस्पितळातली मुख्य नर्स, असं ठेवलं होतं, कारण घाई केली की ती रुसायची.

डायरीची सवय ऊनाला नवव्या वर्षी कॉन्व्हेंटमध्ये लागली. सिस्टर अलॉयशिअसने वर्गाला एकेक वही दिली आणि सांगितलं, आधी तारीख, मग हवा, मग जे घडलं ते. मत लिहायचं नाही. मत लिहिलेलं दिसलं की सिस्टर त्याच्यावर लाल रेघ ओढायची आणि शेजारी लिहायची, "तुला कोणी विचारलं?" बाहत्तर वर्षं ऊनाने तो नियम पाळला. लग्नाच्या दिवशीही तिने हवा आधी लिहिली होती.

मेट्रन ऑगस्टपासून उकळायला लागली होती. मर्वच्या वेळी असं कधी झालं नव्हतं. जुन्या गाड्यांच्या क्लबचा अध्यक्ष बेव्हन शर्मर आणि त्याचा दोस्त कॉल हीस्लिप, दोघेही सत्तरीतले, हौसेने मदतीला धावले. आधी त्यांनी रॅडिएटर धुऊन काढला. मग तो आतून साफ करून आणला. मग थर्मोस्टॅट बदलला, फॅनचा पट्टा बदलला, शेवटी पंप. दर वेळी बेव्हन हात पुसत म्हणायचा, "मिटलं!" आणि दर वेळी एकदोन दिवसांत ऊना कुठल्या तरी मैलाच्या दगडाशी बॉनेट उघडून उभी असायची.

गुरुवारी सकाळी तिच्या मुलाचा, ग्रॅहमचा ॲडलेडहून फोन आला.

"मम, परत उकळली म्हणे?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कॉलने. तो काही डायरी लिहीत नाही, तो फोन करतो." ग्रॅहमने घसा साफ केला. "हे बघ, आता पुरे झालं. माझा मित्र जुन्या गाड्यांमध्ये नवी इंजिनं बसवतो. मेट्रनला नवं इंजिन बसवू, गाडी माझ्याकडे राहील. तू आलीस की मी तुला फिरवीन."

"मला फिरवशील."

"त्यात वाईट काय आहे? तू एक्याऐंशीची आहेस. चाळीस अंशांत त्या रस्त्यावर एकटी अडकलीस तर? मला झोप लागत नाही, मम."

शेवटचं वाक्य त्याने हळू आवाजात म्हटलं, म्हणून ऊना रागावू शकली नाही. नवं इंजिन म्हणजे काय, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. मर्वने तीन वेळा सुटं करून जोडलेलं ते इंजिन भंगारात जाणार, आणि आपण आपल्याच गाडीत पाहुण्यासारख्या शेजारी बसणार.

"रविवारी क्लबची घाटाची फेरी आहे," ती म्हणाली. "मी मेट्रन चालवत मॅकफीचा घाट चढणार. एकदाही उकळली नाही, तर हा विषय तू पुन्हा काढायचा नाहीस."

"आणि उकळली तर?"

"तर ट्रेलर घेऊन ये. घेऊन जा."

"शब्द?"

"शब्द," ऊना म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच तिने बोटांवर किलोमीटर मोजले. मॅकफीचा घाट म्हणजे अकरा किलोमीटरची सलग चढण, आणि मेट्रन सपाटीवर आठव्याला उकळत होती.

त्या दुपारी तिने चहा केला, चष्मा पुसला आणि या वर्षाची डायरी घेऊन टेबलाशी बसली. बेव्हनकडे मतं भरपूर होती, कॉलकडे त्याहून जास्त. तिच्याकडे फक्त नोंदी होत्या. तिने एका कागदावर दोन रकाने आखले. एकात उकळली ते दिवस, दुसऱ्यात नाही उकळली ते.

पहिला रकाना लवकर भरला. दुसऱ्यात, धुण्या-बदलण्याच्या या साऱ्या उद्योगात, तीनच तारखा आल्या. ११ सप्टेंबर, २० सप्टेंबर आणि कालची. तिन्ही वेळा चक्कर मारली होती, ऊन कडक होतं आणि काटा मधोमध राहिला होता. तिन्ही वेळा वेगळं काम झालं होतं, म्हणून तिन्ही वेळा बेव्हनने त्या त्या कामाला श्रेय दिलं होतं. थर्मोस्टॅट बदलला त्या दिवशी मात्र गाडी चौथ्याच किलोमीटरला तापली होती.

मग या तीन दिवसांत सारखं काय होतं? ऊनाने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. ११ सप्टेंबरच्या नोंदीत शेवटी होतं, "जाळीवर तीन फडकी आणि एप्रन वाळत घातला." २० सप्टेंबर, "जाळीवर फडकी." काल, चार फडकी.

ती खुर्चीत मागे टेकली. चहा गार झाला होता.

रॅडिएटरला किंवा पंपाला हात घालायचा, तर मेट्रनची पुढची जाळी काढावीच लागायची. ती शेडच्या भिंतीला उन्हाच्या बाजूने टेकवली, की ऊनाला तिच्यावर कपडे वाळत घालायचा मोह आवरायचा नाही. चक्कर मारताना बेव्हन ती मुद्दाम लावायचा नाही, कुठे गळतंय का ते दिसावं म्हणून. चक्कर झाली, जेवण झालं, की शेवटचं काम म्हणून जाळी बसवायची आणि घरी जायचं.

पण जाळी तर एकोणसाठ वर्षं जागच्या जागी होती. मग तिच्यावर नवीन काय?

हे मात्र तिला डायरीत बघावं लागलं नाही. तरी तिने पान उलटून खात्री केली. रविवार, १६ जून. "१२ अंश, पाऊस थांबून थांबून. मर्वला जाऊन वर्ष झालं. क्लबचे सगळे आले. बेव्हनने मर्वचे एकतीस बिल्ले पॉलिश करून, तीन आडव्या पट्ट्यांवर लावून, जाळीवर बसवून दिले. बेव्हन रडला. मी सफरचंदाचा केक केला होता, उरला नाही."

क्लबच्या दर वर्षीच्या फेरीला प्रत्येक गाडीला बशीएवढा पितळी बिल्ला मिळतो. कोणी तो गाडीच्या नाकावर मिरवतो, कोणी घरात लावतो. मर्वचे एकतीस शेडच्या भिंतीवर होते. त्याने ते गाडीवर का लावले नाहीत, हे ऊनाने कधी विचारलं नव्हतं. तो गेल्यावर बेव्हनने ते न सांगता नेले, दोन महिने घासले, पट्ट्या कापल्या, भोकं पाडली आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी मेट्रनचा चेहरा सोन्यासारखा झळकवला. एका बिल्ल्याला दुसरा खेटून, बोट जायला जागा नाही. हिवाळ्यात, म्हणजे तिकडे जून-जुलैत, ऊना गाडी चर्चपर्यंत आणि दुकानापर्यंतच नेत होती. ऊन तापलं ऑगस्टमध्ये. म्हणून जूनचं काम आणि ऑगस्टचं उकळणं यांची कोणी सांगड घातली नाही.

सगळ्यांनी मिळून प्रेमाने मेट्रनचं नाक दाबलं होतं.

पण ते झालं मत, आणि मतावर सिस्टरने लाल रेघ ओढली असती. शनिवारी सकाळी ऊनाने मर्वचा पाना घेतला, गुडघ्याखाली उशी ठेवली आणि जाळीसमोर बसली. सहा नट होते. तिची बोटं संधिवाताने वाकलेली, त्यामुळे सहा नटांना चाळीस मिनिटं लागली. पट्ट्या तिने एका जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळल्या. मग जाळी जागेवर ठेवूनच ती निघाली. आठवा किलोमीटर गेला, बारावा गेला, विसावा गेला. काटा मधोमध.

एका नोंदीने तिचं समाधान होईना. घरी येऊन तिने चहाचा मोठा पत्र्याचा ट्रे काढला, ज्याच्यावर राजवाड्याचं चित्र होतं, आणि कपड्यांच्या दोरीने तो जाळीवर करकचून बांधला. पुन्हा तोच रस्ता, तोच वेग. सहाव्या किलोमीटरला काटा लाल रेघेकडे निघाला. तिने गाडी बाजूला घेतली, थंड होऊ दिली, ट्रे सोडला आणि वळली. काटा खाली आला तो घरापर्यंत तिथेच.

पण त्यात एक घोळ झाला होता. ट्रे बांधलेली मेट्रन जाताना समोरून कॉलचा यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली त्याची गाडी, आला होता. त्याने हात वर केला, मग तोंड उघडलं, मग तसाच पुढे निघून गेला.

संध्याकाळी चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेहून ती परतते तोच फोन.

"मम," ग्रॅहम फार सांभाळून बोलत होता, "आज कोणता वार आहे, सांगशील?"

"शनिवार. पाच ऑक्टोबर. कमाल तेहेतीस. कॉलने फोन केला ना?"

"तो म्हणाला, तू गाडीला चहाचा ट्रे बांधून फिरत होतीस."

"होते."

"का?"

"बघायचं होतं म्हणून."

पलीकडे रिसीव्हरवर हात ठेवल्याचा आवाज आला. मग ग्रॅहम कोणाला तरी, बहुधा बायकोला, ट्रूडीला, दबक्या आवाजात म्हणाला, "ती हो म्हणतेय."

"मी ऐकतेय, ग्रॅहम," ऊना म्हणाली. "उद्या आठ वाजता या. ट्रूडीला म्हणावं, टोपी आण."

त्या रात्री तिला काळजी होती ती घाटाची नव्हे. बेव्हनला सांगायचं कसं, याची होती. त्याने दोन महिने घासलेले बिल्ले. त्याचे डोळे अधू आहेत, त्याने भोकं भिंग लावून पाडली होती. न सांगता काढले हे तर झालंच होतं, आणि आता साऱ्या गावासमोर.

रविवारी सकाळी चौदा गाड्या मैदानावर रांगेत उभ्या होत्या. ऊनाने मेट्रन आत घेतली तेव्हा बेव्हन हातात कागद घेऊन क्रम लावत होता. त्याची स्वतःची मोठी काळी गाडी सर्वांत पुढे होती. तिच्या नाकावर एकोणीस बिल्ले, दोन धुक्याचे दिवे, आणि जुन्या काळची हौस म्हणून बंपरवर लटकवलेली कॅनव्हासची पाण्याची पिशवी. बेव्हनने मान वर केली. मेट्रनकडे बघितलं. पुन्हा बघितलं.

"ऊना, बिल्ले कुठायत?"

"मागच्या सीटवर. ब्लँकेटमध्ये."

"कोणी काढले?"

"मी."

कॉल जवळ येत होता, तो होता तिथेच थांबला. ग्रॅहम आणि ट्रूडी यूटमधून उतरले. यूटच्या मागे ट्रेलर होता, रिकामा, लांबच लांब.

"का गं?" बेव्हनने विचारलं. आवाज मोठा नव्हता.

ऊनाने पर्समधून कागद काढून त्याच्या हातात दिला. दोन रकाने, तारखा, किलोमीटर, अंश, आणि प्रत्येक नोंदीपुढे नाकावर बिल्ले होते की नव्हते. त्याने भिंग काढून वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा वरपासून वाचलं.

"म्हणजे मी ही गाडी मारत होतो, असं तुझं म्हणणं."

"माझं काहीच म्हणणं नाही. त्या तारखा आहेत."

"मी मर्वसाठी केलं ते."

"माहीत आहे रे. तुझ्या हातांना फोड आले होते, तेही मी लिहून ठेवलंय." ऊना एक पाऊल पुढे आली. "बेव्हन, मर्वची आठवण यायला मला जाळी लागत नाही. घाट चढायला लागते, आणि ती मोकळी लागते."

बेव्हनने कागदाची घडी घातली. त्याचे कान लाल झाले होते. "एका चहाच्या ट्रेने काही सिद्ध होत नसतं," तो म्हणाला. "पन्नास वर्षं मी इंजिनं उघडतोय. हेड गॅस्केट गेलंय तिचं, बाकी काही नाही. तू सगळ्यात शेवटी राहा. उकळलीस तर कोणाची वाट अडायला नको, आणि ट्रेलर मागेच आहे."

"शेवटी तर शेवटी," ऊना म्हणाली.

ग्रॅहम मेट्रनमध्ये आईशेजारी बसला. ट्रूडी ट्रेलर घेऊन मागे. दहा वाजता, तेहेतीस अंशांत, मागून वाहणाऱ्या वाऱ्यात चौदा गाड्या मॅकफीच्या घाटाकडे निघाल्या.

"मी रस्ता बघणार," ऊना म्हणाली. "काटा तू बघ, आणि दर किलोमीटरला मोठ्याने वाच. मत नको. काटा कुठे आहे तेवढंच सांग."

"बरं, सिस्टर," ग्रॅहम म्हणाला.

चढण सुरू झाली. ऊनाने दुसरा गियर टाकला आणि तिथेच ठेवला. मेट्रनने तिचा तो खालच्या पट्टीतला आवाज लावला. दोन्ही बाजूंना लाल कडे, सुकलेलं गवत, मधूनच दरीतले जाड बुंध्याचे गम वृक्ष.

"पहिला. मध्याच्या खाली."

"दुसरा. मध्यावर."

"तिसरा. मध्यावर. मम, जरा डावीकडे घे."

"काटा वाच."

चौथ्या किलोमीटरच्या वळणावर पहिली गाडी कडेला दिसली, बॉनेट उघडं. पाचव्याला दुसरी. ग्रॅहम त्यांच्याकडे वळून बघायला लागला, तशी ऊनाने त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारली.

"पाचवा. मध्यावर," तो घाईने म्हणाला. मग जरा वेळाने, वेगळ्या आवाजात, "मध्यावरच आहे गं."

"ते मत झालं."

सातव्यापासून घाट खरा उभा चढतो. वाऱ्याने धूळ पुढे ढकलत नेली. मेट्रनचा वेग तीसवर आला. ऊनाचे हात स्टिअरिंगवर घट्ट.

"आठवा. मध्याच्या वर." ग्रॅहम पुढे वाकला. "बराच वर, मम. पाऊण. हीटर लावू का? इंजिनातली उष्णता बाहेर निघेल."

"हात काढ."

"अगं, पण चढतोय!"

"हात काढ म्हटलं ना. तिची ती चढेल. हीटर लावून वर गेले, तर तू आयुष्यभर म्हणशील हीटरने नेली."

ग्रॅहमने हात काढून मांडीखाली दाबला. आठवीत असताना तो गणिताच्या पेपरला असाच बसायचा. मेट्रन कण्हत वळली. या वळणावर रस्त्याची दिशा फिरते आणि वारा समोरून येतो. जाळीतून हवेचा झोत आत शिरल्याचा आवाज ऊनाला ऐकू आला. चार महिन्यांत तो तिने ऐकला नव्हता, आणि ऐकू येत नाही हेही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"उतरतोय," ग्रॅहम कुजबुजला. "नववा. उतरतोय. मध्याच्या जरासा वर."

आणि त्या नवव्याच्या पुढच्या वळणावर वाफेच्या ढगात बेव्हनची मोठी काळी गाडी उभी होती. बॉनेट वर, बिल्ले चकाकतायत, पाण्याची पिशवी लटकलेली, आणि तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून बेव्हन. ऊनाने काच खाली केली.

"पाणी देऊ?"

"थांबू नकोस!" बेव्हन ओरडला. दोन्ही हातांनी तो तिला पुढे ढकलल्यासारखं करत होता. "अगं बये, थांबू नकोस! चढ! चढ!"

ऊना थांबली नाही. आरशात तिला दिसलं, तो मेट्रनकडे बघत होता, आणि मग वळून आपल्या गाडीच्या नाकाकडे.

"दहावा. मध्यावर," ग्रॅहमने वाचलं. आता तो इतक्या मोठ्याने वाचत होता, की मागे ट्रूडीलाही ऐकू गेलं असावं. "मध्यावर! अकरावा, मध्यावर! मम, तो बघ दगड, तो बघ!"

घाटमाथ्यावरच्या दगडी स्मारकापाशी मेट्रन दुसऱ्याच गियरमध्ये पोचली. मागून ट्रूडीने हॉर्न दाबला तो सोडेचना. चौदा गाड्यांतल्या नऊच त्या दिवशी वर आल्या. शेवटून निघालेली मेट्रन सहावी. गावच्या बायकांनी तंबूखाली चहाची मोठी किटली, अंड्याची सँडविचेस आणि नारळ लावलेले चॉकलेटचे केक मांडले होते. त्या टाळ्या वाजवत बाहेर आल्या. ऊना उतरली, तिने बॉनेटवर पालथा हात ठेवला. तापलेलं होतं, पण हात ठेवता येत होता. मग तिला एकदम हसू आलं. ती एवढ्या मोठ्याने हसली, की किटलीजवळची बाई म्हणाली, "ऊना, तुला हसताना बघून किती दिवस झाले गं."

"मला माहीत नाही," ऊना म्हणाली. "ते मी लिहून ठेवलेलं नाही."

पाऊण तासाने बेव्हन वर आला. त्याच्या गाडीचं नाक बोडकं होतं. बिल्ले नाहीत, दिवे बाजूला वळवलेले, पिशवी गायब. तो उतरला. सगळे त्याच्या गाडीकडे बघत होते.

"काय आहे?" बेव्हन म्हणाला. "घासायला काढलेत."

"घाटात?" कॉलने विचारलं. "वाऱ्यावर घासणार होतास का?"

हशा पिकला. बेव्हनही हसला, जरा उशिरा, पण पोटातून. ऊनाने चहा ओतून कप त्याच्या हातात दिला, दोन साखर, त्याला हवी तशी. तो तिच्या शेजारी बाकावर बसला आणि त्याने चहावर फुंकर घातली.

"अर्ध्या तासात गार झाली," तो म्हणाला, "आणि मग शेवटचे दोन किलोमीटर काटा हलला नाही. दोन महिने मी तुझे भाग बदलतोय."

"पंप चांगला आहे. जुना गळतच होता."

"तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेयस."

"नाही. सहा ऑगस्टला शेडच्या फरशीवर ओला डाग होता. लिहिलेलं आहे."

बेव्हनने मान हलवली. "मंगळवारी ड्रिल घेऊन येतो. मर्वचे बिल्ले होते तिथे, भिंतीवर लावून देतो. एकतीसच्या एकतीस."

"बत्तीस," ऊना म्हणाली. आजच्या फेरीचा बिल्ला तिच्या खिशात होता. क्लबच्या सेक्रेटरीने त्याच्यावर तिचंच नाव कोरून आणलं होतं. आधीच्या एकतीस बिल्ल्यांवर मर्वचं होतं. "पण हा वेगळा लाव. जरा अंतर ठेवून."

ग्रॅहम किल्ली मागायला आला. उतार आहे, तू दमली असशील, मी घेतो, असं म्हणायचं त्याच्या मनात होतं, हे ऊनाला तो चालत येतानाच कळलं. पण जवळ आल्यावर त्याने नुसता हात पुढे केला, तिला बाकावरून उठायला मदत केली, आणि मेट्रनपाशी जाऊन चालकाच्या बाजूचं दार उघडून धरलं.

"तो मित्र," तो म्हणाला, "त्याला फोन करून सांगतो मी. नको म्हणून."

"आज रविवार आहे. उद्या सुट्टी आहे. मंगळवारी सांग."

"मम, तुझ्या त्या वहीत माझ्याबद्दल काय लिहिणार आहेस?"

"काटा नीट वाचला," ऊना म्हणाली आणि स्टिअरिंगमागे बसली. तो हसत वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला.

उतारावर तिने मेट्रनला जरा मोकळं सोडलं. खाली आखाताचं पाणी निळ्या पट्टीसारखं दिसत होतं. मागे रिकामा ट्रेलर दर वळणावर खडखडत होता.

रात्रीचं जेवण ट्रूडीने केलं. ती दोघं झोपायला गेल्यावर ऊनाने डायरी उघडली. तारीख लिहिली. ३३ अंश, वारा उत्तरेचा, संध्याकाळी पडला. मॅकफीचा घाट, अकरा किलोमीटर, एकदाही थांबावं लागलं नाही, चालक मी. तिने पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि शेवटची ओळ लिहिली.

कोंबड्यांनी चार अंडी दिली. त्यांतल्या एकाचं कवच मऊ होतं.